माझ्या लेकराच्या नावानं नको

अहिंसेवर बोलायचं म्हटलं की लोक आवाज खाली आणतात आणि देवळात आल्यासारखा चेहरा करतात. मला ते जमत नाही. माझा आवाज मुळातच मोठा, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आंदर मावळातल्या आमच्या गावात मी अंगणवाडी चालवते. निम्म्या गावाला मी अ-आ-इ शिकवलंय आणि उरलेल्या निम्म्याशी माझं कधी ना कधी भांडण झालंय.

मध्यंतरी लोणावळ्याला एका सभागृहात व्याख्यान होतं, आजच्या जगात अहिंसा उपयोगाची आहे का, असल्या काहीतरी विषयावर. आम्हा अंगणवाडीच्या बायकांना बोलावलं होतं, म्हणजे खुर्च्या भरायला. वक्ते चांगले बोलले. युद्धं, बॉम्ब, निर्वासित, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, अहिंसा आहे उपयोगाची, पण फार मोठ्या मनाच्या माणसांनाच ती जमते. टाळ्या झाल्या, चहा-बिस्किटं झाली. मला मात्र बिस्किट गिळेना. मोठं मन? अहो, माझं मन काडीइतकंही मोठं नव्हतं. तरी मी ते करून बसले होते. कसं, ते त्या दिवशी कुणी विचारलं नाही, म्हणून इथं सांगते.

गावाच्या वरच्या अंगाला बंगल्यांची एक स्कीम आलीय. शनिवार-रविवारी तिथं पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात. गुरं डोंगरावर चरायला न्यायची आमची वाट त्या जागेतूनच जाते, माझ्या सासऱ्यांच्याही आधीपासून. स्कीमवाल्यांनी त्या वाटेवर लोखंडी फाटक बसवलं आणि वॉचमन म्हणून आमच्याच आळीतला एक पोरगा ठेवला. काट्यानं काटा काढायचा, ही त्यांची हुशारी. पोरगा, सगळी आळी जिला मावशी म्हणते त्या विधवेचा एकुलता एक, बायको नुकतीच बाळंत झालेली. कामाची त्याला गरज होती.

माझा मुलगा त्याच्यापेक्षा थोडा लहान. माझे मालक वारल्यापासून घरात आम्ही दोघंच. एका सकाळी तो म्हशी घेऊन गेला तर फाटक बंद. हा म्हणाला उघड, तो म्हणाला साहेबाची परवानगी न्हाई. शब्दानं शब्द वाढला, यानं फाटकाची कडी ओढली, आणि त्यानं हातातली काठी याच्या डोक्यात घातली. म्हशी आपापल्या घरी आल्या. पोराला चौघांनी उचलून आणलं. शर्ट रक्तानं माखलेला. कामशेतच्या दवाखान्यात टाके घालताना तो माझा हात धरून होता आणि मी दातओठ खात होते. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी तो वॉचमन समोर असता तर मी त्याचा गळा धरला असता. त्याला मी मांडीवर घेऊन भात भरवला होता! माझ्या अंगणवाडीत एकाच सतरंजीवर ही दोघं बसत होती.

दवाखान्यातून सरळ चौकीवर गेले आणि तक्रार दिली. ती मी कधीच मागे घेतली नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर म्हणाल, बाई पाघळली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळात बैठक बसली. बैठकीला तोंड फुटायच्या आधी पोरं मोबाइलवर लढाई बघत होती. कुठलं तरी लांबचं शहर, पडलेल्या इमारती, आणि हद्दीवर अडवून धरलेल्या धान्याच्या ट्रकांची रांग. गावातले सगळ्यात वडीलधारे आबा तेही बघत होते. म्हणाले, "हे बराबर. अन्न तोडलं की दुश्मन आपसूक गुडघ्यावर येतो."

मग गावाचा निर्णय त्यांनीच सांगितला. "त्या घराच्या सावडीला कुनी जायाचं न्हाई. मारायचं न्हाई, शिव्या द्यायच्या न्हाईत. आपन आपलं अहिंसेनं. सुंठीवाचून खोकला जाईल."

सावड म्हणजे आमच्याकडची भात लावायची रीत. एका घराच्या माणसांनी लावणी होत नाही. आज सगळी आळी माझ्या खाचरात वाकते, उद्या मी सगळ्यांच्या. मजुरी कुणी देत नाही, घेत नाही, पण दिलेला हात फेडावाच लागतो. आणि फेडायला आलेल्या माणसाला बांधावरून परत पाठवायचं नाही, मग त्याच्याशी कितीही वाकडं असो. ही सावड तोडली की त्या घराचं रोप जागेवर म्हातारं होतं, आणि मग वर्षभर त्या घरात आपल्या शेताचा भात शिजत नाही. मावशीचे गुडघे गेलेले, सून ओली बाळंतीण, पोरगा दिवसभर फाटकावर. हात न लावता घर बुडवायचं, आणि वर त्याला नाव काय द्यायचं, तर अहिंसा!

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी उठले.

"आबा, हे कुणाच्या नावानं चाललंय?"

"तुज्याच पोराच्या की, बाई. गाव तुज्या मागं हाय."

"मग मी न्हाई म्हणते. माझ्या पोराचं डोकं माझ्या पोराचं हाय. गावाला वापरायला दिलेलं न्हाई. मी जाणार त्यांच्या सावडीला."

मागून कुणीतरी म्हणालं, "बाईला येड लागलंय." आबा मात्र शांतपणे म्हणाले, "तू जाशील तर तुज्या लावणीला बी कुनी यायचं न्हाई. इचार कर."

"केला," मी म्हणाले, आणि चपला घातल्या.

घरी वेगळंच रामायण. पोरानं ताट सारलं. डोक्याला पट्टी, डोळे लाल. "आये, तू माझी आई हायस का त्येची? जगात सगळीकडं बघ, जो मार खातो त्यो मरतो."

"मार खा असं कोण म्हणतंय? तक्रार दिली. वाटेचा अर्ज तालुक्याला दिला. लावणी उरकली की म्हशी घेऊन मी स्वतः फाटकावर उभी राहणार, आणि उघडल्याशिवाय हलणार न्हाई."

"आन् त्येंची लावणी?"

"ती म्हातारी तुला मारायला आलती का? तिच्या नातवानं काठी घातली का तुझ्या डोक्यात?"

तो तोंड फिरवून झोपला. माझ्याशी त्यानं बोलणंच टाकलं. पोटचं पोर बोलत नाही, यासारखी शिक्षा नाही. मला पन्नासदा वाटलं, गाव म्हणतंय तसं करावं आणि मोकळं व्हावं.

पण अंगणवाडीत रोज एक खेळ चालतो. एक पोर दुसऱ्याला ओरबाडतं आणि सांगतं, "बाई, पयल्यांदा त्यानं मारलं." दुसरं म्हणतं, "त्याच्या आधी यानं." मोजत मागं गेलं की दोघंही रांगत होते तिथपर्यंत जाता येईल. टीव्हीवर मोठमोठ्या देशांचे पुढारी बोलतात तेव्हा मला माझीच सतरंजी दिसते, फक्त यांच्या हातात खेळण्यातली विमानं नाहीत. आणि प्रत्येकजण कुठल्या तरी आईचं पोर पुढं करतो. बघा, याला मारलं, याच्या नावानं आम्ही तुमचं अन्न तोडतो, पाणी तोडतो. त्या आईला कुणी विचारतं का, की बाई, तुझ्या लेकराच्या नावानं दुसरीचं लेकरू उपाशी ठेवू का? मला विचारलं नव्हतं. तरी मी उत्तर दिलं. रणगाड्यापुढं अहिंसा चालते का, मला ठाऊक नाही. मी रणगाडा बघितलेला नाही. पण रणगाडा जिथून निघतो ती बैठक मी बघितलीय, आणि तिथं नाही म्हणता येतं.

अंगणवाडीला रजा टाकली आणि मावशीच्या खाचरात गेले. पाऊस कोसळत होता. म्हातारी एकटीच चिखलात बसून, गुडघे टेकून, सरपटत लावत होती. मला बघून तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं, भांडायला आले.

"बाई, माज्या पोरानं तुमच्या पोराचं..."

"ठाऊक हाय. मी काही विसरले न्हाई आणि माफ बी केलं न्हाई. रोप कुठं ठेवलंय?"

"जावा वो घरी. तुमच्यावर बी येईल."

"येऊ दे. मला कोण खातंय!"

दोघींनी लावायला घेतलं. सून बाळाला झोपवून मधेच येई आणि एखादी ओळ लावून परत पळे. शेजारच्या खाचरात सगळी आळी वाकलेली. गाणी, हसणं, चहाची किटली, सगळं तिकडं. आमच्याकडं कुणी बघेना. कंबर अशी धरली की रडू यायचं, पण त्यांच्या देखत कंबरेला हात लावायचा नाही, हे मी ठरवलं होतं.

दिवस कलला तसा तो वॉचमन कामावरून आला, गणवेशातच. मला बघून बांधावरच थिजला. मग खाली उतरून माझ्या पायाशी वाकला. मी पाय मागे घेतले.

"पाया पडून सुटायचं न्हाई."

"बाई, साहेबानं सांगितलंतं, एक बी जनावर आत येता कामा नये."

"साहेबानं सांगितलं, मान्य. हात कुणाचा होता?"

त्यानं रोपांची जुडी उचलली आणि लावायला वाकला. मी मात्र सोडलं नाही. शेजारच्या खाचरात ऐकू जाईल असं बोलले. माझ्या पोराच्या डोक्यातून किती रक्त गेलं, रात्री तो कसा दचकून उठतो, सगळं सांगितलं. तक्रार मागे घेणार नाही, हेही सांगितलं. तो मान खाली घालून लावत राहिला. अंधार पडेपर्यंत लावणी उरकली नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीही गेले.

मग माझी लावणी आली. ठरल्याप्रमाणे आळीतलं कुणीही आलं नाही. मी आणि पोरगा, दोघंच. तो अजून बोलत नव्हता, पण भात त्याचाही होता, म्हणून आला. खाचर समोर पसरलेलं आणि रोप पिवळं पडायला लागलेलं. खरं सांगते, त्या सकाळी मला भीती वाटली. तत्त्व वगैरे ठीक आहे, खायचं काय?

तेवढ्यात मावशी काठी टेकत बांधावर आली, आणि तिच्या मागे तो. गणवेश नव्हता. बनियन, अर्धी चड्डी. कामावर खाडा केला होता. "सावड फेडायला आलोय," मावशी म्हणाली.

माझा पोरगा ताठ उभा राहिला. टाके काढलेली जागा लालभडक दिसत होती. रीत त्यालाही ठाऊक होती, परत पाठवता येत नाही. तो खाचरातून बाहेर पडला आणि बांधावर जाऊन माझ्याकडं पाठ करून उभा राहिला. गेला, मी म्हटलं. हे पोरगं आता हातचं गेलं.

आम्ही तिघं वाकलो. हातातली रोपं संपली, आणि आता बांधावरून जुड्या आणायला कुणी जायचं, असा विचार करत होते, तोच एक जुडी सणसणत आली आणि वॉचमनच्या पाठीत बसली. चिखल उडाला. मी ओरडायला तोंड उघडलं. तो काही हलला नाही, वाकलेलाच राहिला, जुडी सोडली आणि लावू लागला. शेजारच्या खाचरातले लोक ताठ होऊन बघायला लागले होते, आबासुद्धा.

दुसरी जुडी आली ती त्याच्या उजव्या हाताशी अलगद पडली.

"संपली की सांग," माझा मुलगा बांधावरून म्हणाला.

मी भर चिखलात उभी राहून मोठ्यानं रडले. सगळी आळी बघत होती. बघू दे.