स्पंजचा एअर फिल्टर
सहा वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी, पडघ्याजवळच्या गोदामाच्या आवारात, माझ्या पहिल्या नायट्रो ट्रकचं इंजिन इंधनाच्या दुसऱ्याच टाकीत निकामी झालं. परवा एरंडेलाचा वास आला आणि ते आठवलं. अशा ट्रकच्या नायट्रो इंधनात एरंडेल असतं. रिमोटवर धावणाऱ्या त्या हातभर ट्रकसाठी मी वर्षभर थांबलो होतो. सोबत इंधनाची बाटली, इंजिनात इंधन पेटवणारे दोन जादा ग्लो प्लग आणि ते तापवायचं इग्नायटर आणलं होतं. जादा इंजिन परवडण्यासारखं नव्हतं. एअर फिल्टर म्हणजे इंजिनात धूळ जाऊ न देणारा, तेलात भिजवलेला स्पंज. तो मी स्वतः बसवला होता. नवं इंजिन रुळावं म्हणून पहिली टाकी हळू चालवून मी नाक्यावर पाणी आणायला गेलो. वडील आणि भावोजी तिथेच थांबले. परतलो तेव्हा रिमोट भावोजींच्या हातात होता आणि ट्रक लाल धुळीत सुसाट फिरत होता. फिल्टरची जागा उघडी होती. "भावोजी, फिल्टर कुठंय?" "काढला. माझ्या बाईकला बी न्हाय, खेळन्याला कशाला पायजे?" तेवढ्यात इंजिन बंद पडलं. मी स्टार्टरची दोरी ओढली. हाताला जोरच लागला नाही; धुळीने आतला पिस्टन झिजला होता. मी तोंड उघडलं तसं वडिलांनी माझं मनगट घट्ट धरलं. "जावई हायेत. गप ऱ्हा." भावोजी हसले. "चिडला काय रं? नवीन प्लग टाक, होतंय चालू." मी दोन्ही प्लग लावून पाहिले. इंजिन सुरू झालं नाही. संध्याकाळी ताईने त्यांचा शर्ट धुवायला घेतला, तेव्हा खिशात फिल्टर सापडला. तो आजही माझ्या खणात आहे. त्यावर धुळीचा एक कण नाही.