चावलं न्हाई, लागलं

नागपंचमीच्या आधी दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आष्टी तालुक्यात त्यांची थोडी कोरडवाहू जमीन, दोन संकरित गाई आणि काही शेळ्या आहेत. पंचमीला बहिणीला माहेरी न्यायला भाऊ मुराळी म्हणून जातो. दाजी म्हणाले, "औंदा मुराळी येऊ नका. तुमच्या आक्काचं परत सुरू झालंय."

काय सुरू झालंय, हे विचारावं लागलं नाही. दोन वर्षांपूर्वी आक्का अशीच पडून राहिली होती. रात्रभर जागी, ताटावरून उपाशी उठणारी. दूध काढायला बसायची आणि रिकाम्या बादलीकडे बघत राहायची. नगरच्या मानसोपचार तज्ज्ञांनी नैराश्य असल्याचं सांगितलं. घरचे कारण शोधत राहिले: कुणी काही बोललं का, शेजारणीशी भांडण झालं का, नवऱ्याचं काही खुपलं का. कारण मिळालं नाही, आणि मिळालं नाही म्हणून आजार कुणाला पटलाही नाही. गोळ्यांनी मात्र ती उठली. गोळ्या चालू राहिल्या.

तेव्हा डॉक्टरांनी दाजींना एक सूचना दिली होती. घरात विषारी काही ठेवायचं नाही. दाजींनी ती तंतोतंत पाळली. कपाशीच्या फवारणीचे डबे, उंदराचं औषध आणि गाईंच्या अंगावर मारायचं गोचिडीचं औषध एका पोत्यात घालून त्यांनी मळ्यात चुलतभावाच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं.

"कावून रे, तुह्या घरी जागा न्हाई का?" चुलतभावानं विचारलं.

"वास येतो," दाजी म्हणाले.

औषध पुन्हा मागायला जायचं म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. त्यामुळे गाईंना औषध मारणं बंद पडलं आणि आक्का हातानं गोचिड्या वेचू लागली. कानामागच्या, कासेजवळच्या, शेपटीखालच्या. टपोऱ्या असतील त्या निखाऱ्यावर टाकायची, बारीक असतील त्या नखावर चिरडायची. ती बरी झाल्याचा पुरावा म्हणून घरचे हेच सांगायचे: आता दुपारभर गोठ्यात बसती, गोचिड्या वेचती.

नको म्हटलेलं असताना मी गेलो. आक्का मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. तळहातांवर मेंदी होती. तिचं मन रमावं म्हणून सासूबाईंनी शेजारच्या मुलींना बोलावून ती काढून घेतली होती.

"आक्का, उठतीस का?"

"अंग दुखायलंय रे भैय्या. डोकं फुटायलंय."

"मागल्या खेपंला पण डोकंच म्हणायची," सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या. "आमाला काय मन न्हाई? आमाला कावून होत न्हाई हे? मनाला काय लागलंय तेवढं सांग म्हणावं. कोण काय बोललं?"

"कोणी न्हाई बोललं, आत्याबाई."

"मग झालं तर."

तिचं कपाळ गरम होतं. दाजी म्हणाले, पडून पडून गरम झालंय. गावातल्या दवाखान्यातून आणलेल्या गोळीनं अंग निवायचं आणि पुन्हा तापायचं. नैराश्याची गोळी एकाच्या जागी दोन द्यायला त्यांनी आपल्या मनानंच सुरुवात केली होती. मागच्या वेळी ताप नव्हता, सांधे असे दुखत नव्हते, हे आक्कानं पुढे सांगितलं. तेव्हा तिला तसं कुणी विचारलं नाही. थकवा, जाग, उडालेली भूक, कारण नसताना येणारं रडू, चार शब्द जुळवताना होणारी दमछाक; हे दोन्ही आजारांत होतं. ज्या घरात एका आजाराचं नाव आधीच ठाऊक असतं, तिथं दुसऱ्याचं नाव शोधायला कुणी जात नाही.

मग ती "मला जाऊ द्या" म्हणू लागली. कुठं, ते सांगेना. दाजींनी विहिरीकडच्या दाराला कुलूप लावलं आणि स्वतः उंबऱ्यात बसले. माझ्याकडे बघून तिनं मला आमच्या वारलेल्या वडिलांच्या नात्यानं हाक मारली. सासूबाईंनी पहिल्यांदाच आवाज खाली आणला. त्या म्हणाल्या, "न्या बाबा हिला. माझ्या दारात काही नगं."

नगरला जाईपर्यंत ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून होती. मानसोपचार तज्ज्ञांनी तिचं मनगट हातात घेतलं आणि बसायलाही सांगितलं नाही. "हिचं अंग भाजतंय. आधी तापाच्या डॉक्टरांकडे न्या. माझं नंतर."

तापाचे डॉक्टर जवळच्याच दवाखान्यात होते. त्यांनी खाटेपाशी उभं राहून विचारलं, "काही चावलं होतं का?"

"न्हाई," आक्का म्हणाली.

"शेतात, गोठ्यात? एखादा किडा?"

"न्हाई."

"न्हाई साहेब," दाजी म्हणाले, "आमचं घर पक्क्या बांधणीचं हाय."

डॉक्टरांनी नर्सला तिचे पाय पुसायला सांगितले. माती निघाली तसे तळव्यांवर लालसर-जांभळे ठिपके दिसले. तळहात त्यांनी उजेडात धरले. मेंदीखाली काही कळत नव्हतं. मनगटावर मात्र तसेच ठिपके होते.

"जनावरं आहेत?"

"दोन गाई. शेळ्या."

"गोचिड्या?"

"लई," दाजी म्हणाले.

"मग मी दोनदा विचारलं, तर चावलं नाही म्हणालात."

आक्का डोळे न उघडता म्हणाली, "गोचीड चावती व्हय? गोचीड लागती."

"बरं. लागली होती का?"

"लागलती की. रोजच लागती. काखंत, कमरंला. उपटायची अन् टाकायची."

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो. साप, विंचू, कुत्रा यांना आम्ही 'चावला' हे क्रियापद देतो. गोचिडीला काय देतो ते आठवेना. ती बातमीत कधी आलीच नव्हती. आमच्याकडे ती लागते, जसा काटा लागतो, जशी दृष्ट लागते. 'गोचीड ताप' हा शब्द घरात सगळ्यांना माहीत होता, पण तो गाईचा. बाईला तो होतो, हे कुणी ऐकलेलं नव्हतं. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि निकालाची वाट न बघता औषध सुरू केलं. उशीर झालाय, असं ते म्हणाले. वाचेल का, या प्रश्नावर ते म्हणाले, "उद्या विचारा."

दाजी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले. "मी विष बाहेर काढलं," ते म्हणाले. "मीच काढलं की. ते औषध घरात असतं तर गोचिड्या राहिल्या नसत्या." ते औषध घरात असतं तर दोन वर्षांपूर्वी काय झालं असतं, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही उत्तर 'उद्या'च होतं. त्यानंतर ताप उतरू लागला. आक्कानं मला माझ्या नात्यानं ओळखलं, पेज मागितली आणि सासूबाईंनी शेळ्यांना पाला टाकला का, असं विचारलं.

घरी सोडताना डॉक्टरांनी दाजींना तीन गोष्टी सांगितल्या. गोठ्यात औषध मारा. गोचिड्या हातानं वेचू नका, नखानं चिरडू नका. मनाच्या गोळ्या चालू आहेत त्या बंद करू नका. तिसरी गोष्ट दाजींच्या कानावर पडली, पण ती सोबत घरी गेली नाही.

गावात सासूबाईंनी येईल त्याला सांगितलं, "गोचिडीचा ताप होता, बाई. येड-बीड काही नव्हतंच. मागल्या बारीला पण तेच आसंल." दोन वर्षं घराला चिकटलेला 'येड' हा शब्द सुटत होता आणि तो सगळ्यांनाच सुटायला हवा होता. आक्कालाही. भेटायला आलेल्या बायांना ती म्हणायची, "मी शहाणीच हाय. येडी ती गोचीड व्हती." बाया हसायच्या. दाजींनी नैराश्याच्या गोळ्यांची पाकिटं उकिरड्यावर टाकली आणि मळ्यातून गोचिडीचं औषध परत आणलं.

"आता येत न्हाई व्हय वास?" चुलतभावानं चिमटा काढला.

"आता गोचिड्या मारायच्यात," दाजी म्हणाले.

बाटली गोठ्यातल्या कोनाड्यात राहिली. गाई स्वच्छ झाल्या.

भाऊबीजेला मी गेलो तेव्हा आक्का गाईखाली बसलेली होती. बादली रिकामी होती. गाय पाय बदलत होती आणि वासरू दाव्याला ओढ देत होतं. मी हाक मारली. तिनं मान वळवायला वेळ घेतला.

दाजींनी थर्मामीटर विकत घेतला होता. सकाळ-संध्याकाळ ते तो लावायचे. "बघा, ताप न्हाई," ते मला म्हणाले. "आष्टीला रक्त पण तपासून आणलं. साफ हाय. अंगावर एक ठिपका न्हाई."

"मग?"

"मग काय, ते मलाबी कळंना."

"नाटकं," सासूबाई म्हणाल्या. "दवाखान्यात लोकांनी लई लाड केले. त्याची सवय लागली."

पंचमीला तिच्या तापाला नैराश्य म्हटलं गेलं होतं. आता नैराश्याला काहीच म्हटलं जात नव्हतं. आधी निदान वेडाचा तरी संशय होता. आता रक्त साफ होतं, म्हणजे तिला काही झालेलं नव्हतं.

दुपारी तिनं मला ओवाळलं. ताट धरलेला हात अर्ध्यावर थांबला, पुन्हा फिरला. मी ओवाळणी टाकायला खिशात हात घातला तेव्हा तिनं ताट बाजूला घेतलं. दाजी आणि सासूबाई ओसरीवर होते. ती हळू बोलली.

"ओवाळणी नगं. गोठ्यातलं औषध तुह्यासंगं घेऊन जा."

मी तिच्याकडे बघितलं.

"मला काही लागलेलं न्हाई, भैय्या. मी सगळं अंग बघितलं. काख बघितली, कंबर बघितली, केसांत बघितलं. रोज बघती. लागलेलं असतं तर बरं झालं असतं."

"दाजींना सांगितलंस?"

"काय सांगू? ते थर्मामीटर आणतेत."

मी गोठ्यात जाऊन कोनाड्यातली बाटली काढली, वर्तमानपत्राच्या जुन्या अंकात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. ओसरीवर येऊन दाजींना म्हणालो, गाडी काढा, नगरला जायचंय, आत्ता. त्यांनी माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं, मग आत आक्काकडे. पिशवीत काय आहे, ते विचारलं नाही.

"नगरला कशाच्या गोळ्या देतेत?" सासूबाई म्हणाल्या. "रक्त साफ हाय ना?"

"अन् डॉक्टरला सांगायचं काय?" दाजी म्हणाले. "ताप न्हाई, ठिपके न्हाई. काय झालंय म्हणून सांगायचं?"

आक्का चपला घालून दारात आली होती. तिनं चौकट धरली होती.

"सांगा, लागलं काही न्हाई," ती म्हणाली. "तरी हाय."