स्टँडवरची बहीण

दुष्काळाचं साल होतं. मी साताऱ्यात शिक्षिका होते आणि शनिवारी एसटीने सांगलीला माहेरी जायचे. स्टँडच्या भिंतीशी माण तालुक्यातली एक बाई फडकं पसरून भीक मागायची. त्या शनिवारी मी नाणं टाकायला वाकले, तर तिने माझा हातच धरला.

"पैसं ऱ्हाऊ द्या बाई. जरा माझ्यापाशी बसा. पोलीस मागणाऱ्यांना गाडीत घालून न्यायलाय."

तिने फडकं मांडीखाली सारलं. मी तिच्याशेजारी फरशीवर बसले. पोलीस आलाच. "ही कोण तुमची?"

"बहीण," मी म्हणाले. "गाडीची वाट बघतोय."

त्याने दोघींकडे पाहिलं आणि तो पुढे गेला. बाईने लगेच फडकं पुन्हा पसरलं. मी उठणार, एवढ्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने एक नाणं तिच्यापुढे टाकलं आणि दुसरं माझ्या हातावर ठेवलं. मी गोंधळून ते तिला देऊ लागले.

"मी न्हाई घेणार," ती म्हणाली. "त्येनं तुमाला दिलंय."

म्हातारा अजून उभाच होता. परत द्यावं तर त्याला काय वाटेल? माझ्या तोंडून निघालं, "देव तुमचं भलं करो."

"ब्येस बोललासा," बाई म्हणाली.

सांगलीची गाडी लागली. मी खिडकीशी बसले, तेव्हा ते नाणं मुठीतच होतं. ते कुणाला द्यायचं, की ठेवायचं, मला सांगली येईपर्यंत ठरवता आलं नाही.