वासाचे साहेब

सन १९९९. मी एक्कावन्न वर्षांचा, चौथी शिकलेला, नळाच्या व्हॉल्व्हची चावी फिरवणारा. त्या साली आमच्याकडं नवे इंजिनियर आले. कुणाच्याही घरी गेले की आधी नळाखाली ओंजळ धरायचे, पाणी हुंगायचे, मग बोलायचे. बायका तोंडाला पदर लावून हसत. नाव पडलं, वासाचे साहेब.

पाण्याला जंतू मारायच्या औषधाचा वास मारतोय, अशी लोकांची कायम ओरड. साहेब म्हणायचे, "वास येतोय तोवर निवांत झोपा. यायचा थांबला की मला उठवा."

त्यांनी अख्ख्या गावाच्या पाइपा कॉम्प्युटरात घातल्या होत्या. कुठला व्हॉल्व्ह किती उघडला ते सांगायचं; मग पाणी कुठवर जाईल, त्यातलं औषध कुठं संपेल, ते पडद्यावर दिसायचं. औषध असेल तिथं निळं, संपलं की तांबडं. मी म्हणालो, "साहेब, जन्म गेला माझा चावी फिरवन्यात. ह्या डब्याला काय कळतंय?" ते रागावले नाहीत. शेवटच्या वसाहतीवर बोट ठेवून म्हणाले, "मामा, वरच्या गल्लीला पूर्ण उघडलं की इथली पाइप रिकामी पडते. रिकामी पाइप फटीतून बाहेरचं ओढून घेते. आणि शेजारी गटार आहे." तांबडं टोक मी बघतच राहिलो.

त्या टोकाच्या घरात राहणाऱ्या आक्कांची लेक बाळंतपणाला आलेली. साहेब रोज तिथला नळ हुंगायचे. चहाला थांबायचे नाहीत. एकदा परतताना हळूच म्हणाले, "अशा बाईला कावीळ झाली तर जड जातं, मामा."

वरच्या गल्लीची म्हाई, म्हणजे देवीची जत्रा, जवळ आली. घरोघरी मटणाला पावणं, पाणी जादा पायजे. साहेबांनी व्हॉल्व्ह अर्ध्यावरच ठेवला. लोक ऑफिसात घुसले. "टोकाची तेवढी माणसं, आणि आमी काय म्हसरं?" साहेब टँकर देतो म्हणाले. टँकरचं पाणी पावण्याला द्यायचं म्हणजे गल्लीची इज्जत गेली, असं लोकांचं म्हणणं. म्हाईच्या आदल्या दिवशीच वरून कागद आला. साहेबांची बदली चंदगडला, आणि सकाळी व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा.

संध्याकाळी त्यांना एस.टी.त बसवायला मी गेलतो. खिडकीतून म्हणाले, "आक्कांना पाणी उकळायला सांगून आलोय. बाकीच्या घरांना कोण सांगणार?" गाडी सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चावी घरीच ठेवली, वरच्या गल्लीत गेलो आणि व्हॉल्व्हच्या चेंबरच्या झाकणावर मांडी घालून बसलो.