पहिली कळ मामांची

मी कर्नलमध्ये कीबोर्ड घालायचा विसरलो.

संगणकवाल्यांना हे सांगितलं की ते तिथेच हसायला लागतात. बाकीच्यांसाठी जरा मागे जावं लागेल.

अकोल्याला माझ्या मामांचा कॉम्प्युटर क्लास होता. मी तिथलाच विद्यार्थी, आणि माझी मामीसुद्धा. फक्त ती तेव्हा मामी झालेली नव्हती. टायपिंगचा वेग मोजणारा प्रोग्राम मामांनी स्वतः लिहिला होता. त्यावर आपण एकदा मास्तरलाच हरवलं, असं मामी आजही आल्यागेल्याला ऐकवते. मामा म्हणतात, त्या दिवशी माझं बोट कापलं होतं. फेरपरीक्षा व्हायच्या आत मशीन बसलं, भंगारात गेलं, आणि मामा कायमचे हरलेले राहिले.

प्रोग्रामची फ्लॉपी तेवढी शाबूत होती. मी अमरावतीत घरी बसून सॉफ्टवेअरची नोकरी करतो, त्यामुळे बढाया मारायला वेळ मिळतो. ते जुनं मशीन लॅपटॉपवर जिवंत करतो, असं मी बोलून गेलो. मशीनची हुबेहूब नक्कल करणारा एम्युलेटर आयता मिळाला. पण त्यावर चालवायला ऑपरेटिंग सिस्टिम नव्हती. तिच्या फ्लॉप्यांना बुरशी लागलेली. म्हणून त्याच वळणाची एक छोटी, फुकटातली सिस्टिम घेतली. तिचं कर्नल, म्हणजे मशीनच्या एकेका अवयवाशी बोलणारा गाभा, या मशीनला ओळखत नव्हतं. मी ओळख करून देत बसलो. पडदा झाला, फ्लॉपी झाली, घड्याळानं जीव खाल्ला. कीबोर्डचं पाहू मागाहून, म्हटलं. तोवर हुकूम लॅपटॉपच्या दुसऱ्याच खिडकीतून सोडत होतो.

एका दुपारी मामांचा प्रोग्राम उघडला. पडद्यावर सूचना आली: सुरू करण्यासाठी कोणतीही कळ दाबा. माझे डोळे भरून आले. आपल्याकडे साध्या पिठाच्या गिरणीचं बटणसुद्धा घरातल्या मोठ्यांच्या हातून दाबून घेतात. पहिली कळ मामांचीच, असं ठरवून मी हात मागे घेतला आणि अकोल्याला फोन लावला.

रविवारी लॅपटॉप घेऊन बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली. मामीनं आलूबोंडे तळले होते, पण परीक्षा होईस्तोवर त्यांना कोणी शिवायचं नाही. तेलकट बोटं कळांना चालत नाहीत, हा क्लासचा जुना नियम. मामांनी चपला दाराबाहेर काढल्या, साबणानं हात धुतले, एकेक बोट पुसलं आणि कळ दाबली.

काही झालं नाही.

मामांनी दुसरी दाबली. मग अख्खी ओळ. मामी म्हणाली, "बोट कापलं का जी आजबी?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एम्युलेटर कळा इमानदारीनं पाठवत होता, पण कर्नलमध्ये त्या घ्यायला कोणीच बसवलेलं नव्हतं. मी हे शक्य तितक्या अवघड शब्दांत सांगितलं. दुरुस्तीला आठवडाभर लागेल, हेही सांगितलं. मामीनं तोवरचा निकाल जाहीर केला: जुनाच कायम. आणि आलूबोंडे वाढायला घेतले.

मामांनी पुसलेल्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"क्लासात पयल्या दिवशी मी कीबोर्डच शिकवो. तू त्या दिवशी आल्ताच नाही, मले चांगलं आठवते."