वॉटर स्कूटरचा कासरा

हसणार नसाल तरच सांगतो. म्हणजे हसालच तुम्ही, मला माहीत आहे. पण निदान चहाचा कप खाली ठेवून हसा.

माझं बोलणं मुळातच कमी, आणि तेही सावकाश. पण हा किस्सा मीच सांगितलेला बरा. गावातले लोक सांगतात तेव्हा मी त्यात आहे त्याहून जास्त मूर्ख दिसतो. आणि आहे तेवढा पुरेसा आहे हो!

आमच्या गावाजवळ धरण आहे. माझी नात कांचन कोकणात राहून, समुद्रावर काम शिकून आली आणि तिनं धरणावर वॉटर स्कूटर आणली. वर मोटारसायकल, खाली होडी, असा तो प्रकार. चाक नाही, ब्रेक नाही. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला तर तिची कीवच आली.

काठावर कांचननं नियमांचा फळा लावला होता. शाळा आमची चौथीत सुटली, पण अक्षर लावता येतं. मी उभा राहून पूर्ण फळा वाचला आणि मिशीतल्या मिशीत हसलो.

काय एकेक नियम! म्हणे, जॅकेट घातल्याशिवाय बसू नका. अरे, माझं आख्खं लहानपण विहिरीत उड्या मारण्यात गेलं, आणि आता मला कोंबड्यासारखं फुगवून पाण्यात सोडणार? म्हणे, होड्या आणि जाळ्यांपासून लांब राहा. म्हणे, वळताना रेस पूर्ण सोडू नका, सोडली तर स्कूटर वळत नाही. घाबरलेला माणूस आधी वेगच कमी करणार ना? एवढी अक्कल माझ्या म्हाताऱ्या बैलालासुद्धा होती!

पण सगळ्यात वर, लाल रंगात लिहिलं होतं: दोरी मनगटाला बांधा. इथं मात्र माझं डोकंच फिरलं.

ती दोरी म्हणजे जुन्या फोनला असायची तशी, गुंडाळीची. तिच्या एका टोकाचा चाप स्कूटरच्या लाल बटणाखाली अडकवायचा, दुसऱ्या टोकाचा पट्टा आपल्या मनगटाला. माणूस पाण्यात पडला की दोरी ओढली जाते, चाप निघतो आणि इंजिन बंद पडतं. कांचननं मला हे पुन्हा पुन्हा समजावलं. मी पुन्हा पुन्हा मान हलवली.

पण तुम्हीच सांगा, मी जन्मभर बैल हाकले. बैलाचा कासरा हाताला गुंडाळायचा नाही, हे माझ्या बापानं मला सगळ्यात आधी शिकवलं. आमच्याच गावात एकानं पोळ्याच्या मिरवणुकीत ऐटीत कासरा पंजाला गुंडाळला. फटाका वाजला, बैल उधळला, आणि कासऱ्याबरोबर त्याची दोन बोटं गेली. आणि ही माझी नात मला सांगते, की कितीतरी बैलांचं बळ असलेलं यंत्र हाताला बांधून घ्या! वा!

आता तुम्ही विचाराल, मग गेलात कशाला?

गेलो, कारण पोरीचं सगळं त्यावर अडलं होतं. परवानगी देणारे साहेब आले होते. त्यांचं म्हणणं असं, की बाहेरचे पाहुणे नियम पाळतील, पण इथली साधी माणसं पाळतील का? ते दिसल्याशिवाय सही नाही. सही झाली नसती तर कांचन परत कोकणात जाणार होती. आम्हा दोघा म्हाताऱ्यांच्या घरात तेवढीच एक हसण्याची चाहूल. ती गेली की घरात बोलायचं कोणाशी? म्हातारीशी? ती बोलते, मी ऐकतो!

कांचन साहेबांना म्हणाली, "आमचे आबा चालवून दाखवतात. त्यायले जमलं तं कोनालेई जमन."

याआधी मी चालवायचो तेव्हा ती मागं बसायची आणि दोरी तिच्या मनगटाला असायची. त्या दिवशी मी पहिल्यांदाच एकटा. धामणगाव बढ्याच्या बाजारातून आणलेली नवी टोपी घातली होती. ती तिनं काढून म्हातारीकडे दिली. मग जॅकेटचे पट्टे आवळले आणि मनगटाला दोरी बांधली.

"आबा, हळू जाजा. एक चक्कर अन् वापस. अन् दोरी सोडू नोका."

"हाव," मी म्हणालो.

ती साहेबांना फळा समजावायला वळली. मी काठापासून थोडा पुढं गेलो, मागं पाहिलं, आणि गुपचूप तो पट्टा मनगटावरून काढून स्कूटरच्या हँडलला बांधला. चांगली गाठ मारून! वर स्वतःचं कौतुकही केलं, की बघ, तुझा हात वाचला.

अर्धी चक्कर झकास झाली. काठावर टाळ्या वाजल्या. पुढं पाण्यात बाभळीचा वाळका शेंडा दिसला आणि मला वाटलं, आता थांबावं. बैल कसा थांबवतात? कासरा आपल्याकडे ओढून! मी दोन्ही हातांनी हँडल गच्च धरलं आणि जोरात मागं रेललो.

बोटांखाली रेस होती हो!

स्कूटर माझ्याखालून निघून गेली. मी आधी आभाळ पाहिलं, मग पाणी, मग पाण्याच्या आतलं पाणी. आणि मग त्या कोंबड्याच्या जॅकेटनं मला बुचासारखं वर काढलं.

रेस सुटल्यावर स्कूटर धावत नव्हती, पण बंदही पडली नाही. चुकार गाय चरत चरत पुढं सरकते ना, तशी ती चालली. मी तिच्या मागं. हात मारला की ती वीतभर पुढं. जॅकेटमुळे मला नीट पोहता येईना, आणि बुडताही येईना.

शेवटी सवयीनं तोंडातून निघालंच. "हो... हो रे राजा... थांब ना बाप्पा!"

धरणाच्या पाण्यावरून आवाज किती लांब जातो, हे मला त्या दिवशी कळलं. आख्ख्या काठानं ऐकलं.

"आबा, तिच्या मांगं जाऊ नोका! तठीच ऱ्हा!" ओरडत कांचन बोट घेऊन निघाली.

तिकडून दगडू मासेमार बोंबलला, "ओ आबा! तुमचं जनावर माह्या जाळ्यात शिरून राह्यलं!"

शिरलंच. जाळं आत ओढलं गेलं, इंजिन खोकललं आणि थांबलं. कांचननं मला आधी बोटीत ओढलं, कुठं लागलं का पाहिलं, आणि मगच स्कूटरकडे गेली.

काठावर साहेब तोंड वाकडं करून उभे. "माणूस पडला तर इंजिन बंद होतं म्हणालात ना? मग झालं का नाही? यंत्रातच दोष दिसतोय. असं यंत्र मी लोकांच्या हातात द्यायचं?"

कांचननं हँडलची गाठ पाहिली होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. गाठ मात्र साहेबांना दाखवली नाही. चार माणसांत आज्याची इज्जत जाऊ नये म्हणून पोरगी आपलं स्वप्न सोडायला निघाली होती!

मग मला तोंड उघडणं भाग होतं.

"सायेब, दोरी चांगली हाय. पोरीनं बरोबर बांदली होती. मी हातातून काढून हँडलले बांदली."

"का?"

"हात तुटन म्हनून."

"आणि हँडलला कशासाठी?"

"ते पळून नाही जावं म्हनून."

साहेबांनी फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे आजोबा, तुम्ही यंत्र यंत्रालाच बांधलं?"

मी विचार केला. "हाव," म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

म्हातारी कपाळावर हात मारून ओरडली, "अवो माय! बैल बैलाच्याच शिंगाले बांदला हो यायनं!"

साहेब असे हसायला लागले, की त्यांना खुर्चीत बसवावं लागलं. डोळे पुसून ते कांचनला म्हणाले, "जॅकेटनं माणूस वाचवला, तूही आधी माणूस उचलला. तुझं काम बरोबर आहे. आणि आजचा तमाशा पाहिल्यावर इथलं कोणी दोरी सोडेल असं वाटत नाही. फळ्यावर एक नियम कमी आहे, तेवढा लिही. सही करतो."

दगडूचं जाळं मी सोडवून, शिवून दिलं. शिव्या त्यानं वेगळ्या दिल्या. आणि फळ्यावर नवी ओळ आली: स्कूटरची दोरी स्कूटरलाच बांधू नये.

परवा जळगाव जामोदकडची दोन पोरं आली. मी फळ्याजवळच बसलो होतो. एकानं ती ओळ वाचली आणि पोट धरून हसला.

"हे का लिवाची गोष्ट हाय बे? एवढा बिनडोक कोन असते?"

दुसरा म्हणाला, "असंन कोनी लय शिकलेला. आपल्यासारख्या साध्या मानसाले हे सुचतच नाही."

मी टोपी सरळ केली. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी मला शिकलेला म्हणालं होतं!