मैनाबाईंची रेकॉर्ड

लग्नाआधी मैनाबाई गायच्या. भाऊ मुंबईला गिरणीत होता; त्याच्या चाळीतल्या भीमगीतांच्या पार्टीत मुख्य आवाज त्यांचाच. एका कंपनीने त्या पार्टीची रेकॉर्ड काढली. दोन बाजूंना दोन गाणी, आणि मधल्या गोल कागदावर छापलेलं नाव: मैना मोहिते आणि पार्टी.

मग चिपळूणच्या सखाराम तांबे गुरुजींशी लग्न झालं. गुरुजींनी लगेच सांगून टाकलं, "शिक्षकाच्या बायकोने स्टेजवर उभं राहिलेलं बरं दिसत नाही." मैनाबाई थांबल्या. पण घरी पाहुणा आला की गुरुजीच कपाटातून ती रेकॉर्ड काढायचे, प्लेअरवर लावायचे आणि म्हणायचे, "आमच्या मंडळींचा आवाज बरं का!" मंडळी तेव्हा आत चहा गाळत असायच्या.

गुरुजी गेले. पुढे वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, त्यात प्लेअर गेला. चिखलातून निघालेली रेकॉर्ड मैनाबाईंनी साबणाच्या पाण्याने धुतली, मऊ पातळाने पुसली. तिच्यावर एक चरा उठला तो उठलाच. त्यानंतर गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशनने जीव वाचला, आवाज गेला. बोलल्या की घशात वाळू खरखरल्यासारखं वाटायचं. तेव्हापासून त्यांनी एकच धरलं, मरायच्या आत एकदा आपला आवाज ऐकायचा.

भाचा विनीत गणपतीपुळ्याजवळच्या एका हॉटेलात वेटर होता. तो म्हणाला, "आत्या, आमच्या शेठकडं मशीन हाय. संध्याकाळी जुन्या रेकॉर्डी लावतात, लोक मुद्दाम ऐकायला येतात. तुझं गाणं मोबाइलवर भरून आणतो."

"जपून ने रे. दुसरी नाय माझ्याकडं."

मग आज सीझन आहे, उद्या शेठ नाही, असं करत त्याने दिवाळी घालवली. शेवटी मैनाबाई एसटीत बसून स्वतःच गेल्या.

हॉटेलच्या भिंतीभर रेकॉर्डी लावलेल्या होत्या. कोपऱ्यात मशीन वाजत होतं, आणि माणसं जेवायची थांबून फिरत्या तबकडीकडे बघत होती. मैनाबाईंना बरं वाटलं. इथे आपल्या गाण्याची कदर होईल, असं मनात आलं. त्यांना बघून विनीत आत पळाला. मालक ऋत्विकने मात्र अदबीने बसवलं, तळलेली मांदेली मागवली. मासे एका काळ्या, लाटांसारख्या काठाच्या वाटीतून आले. चार मासे उचलल्यावर तळाचा गोल कागद दिसला. मैना मोहिते आणि पार्टी. वर तेल पसरलं होतं.

"ही वाटी कुठली?" त्यांनी विचारलं.

"चरा पडलेल्या रेकॉर्डी आम्ही फेकत नाही, मावशी. ओव्हनमध्ये तापवून वाट्या करतो, घड्याळं करतो. पाहुण्यांना फार आवडतात."

"ही माझी हाय. मी गायलेय."

ऋत्विक उभाच राहिला. त्याने हात जोडले. विनीतने ती इतर रेकॉर्डींच्या ढिगात ठेवली होती, कुणाची ते बोलला नव्हता.

"वाजवली होती का?"

"एकदा लावली होती. सुई अडकत होती, एकच ओळ पुन्हा पुन्हा. पण काय आवाज होता, मावशी!"

"कुठली ओळ?"

त्याला आठवेना. खूप आठवून पाहिलं त्याने. मग एकदम म्हणाला, "तुम्ही इथेच गा ना दर रविवारी!"

"माझा आवाज गेलाय. ऐकतोयस ना?"

"मग नुसत्या बसा मशीनजवळ. आम्ही बोर्ड लावू, जुन्या काळच्या गायिका."

मैनाबाई उठल्या. तो वाटी धुऊन, कागदात गुंडाळून देत होता. त्यांनी घेतली नाही. "ठेव. मासे वाढायला बरी हाय," म्हणाल्या.

विनीतशी त्या आजही बोलत नाहीत. यंदा भीमजयंतीला गावातल्या मंडळाने जुनी गायिका म्हणून सत्काराचं बोलावणं धाडलं, तर तब्येतीचं कारण सांगून टाळलं. शेजारची नवी सून स्वप्ना परवा कौतुकाने म्हणाली, "आजी, तुमच्या गाण्याची म्हणे रेकॉर्ड निघाली होती?"

"नाय गो," मैनाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "ती मैना कुणी दुसरी."